आईसाठी मागितलेली पिवळी चौकट

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. आणि एक सांगा मला! आपण केलेलं दान आपणच परत चोरलं, तर त्याला काय म्हणायचं? विश्वंभरनं नेमकं तेच केलं! त्याचीच गोष्ट ऐका!

विश्वंभर अष्टेकर. भांड्यांचा दुकानदार. गावाचं नाव सांगत नाही, माणूस अजून हयात आहे! त्याची आई द्वारकाबाई आजारी पडली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आता दवाखाना भर बाजारपेठेत! दारासमोर कुणाचा टेम्पो माल उतरवतोय, कुणाच्या स्कूटर, कुणाची कार. रिक्षा थांबणार कोपऱ्यावर, आणि तिथून ती माउली भिंत धरधरून चालणार. विश्वंभरच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं हो!

मग तो हात धुऊन मागं लागला. नगरपालिकेत अर्ज! साहेब भेटले नाहीत — पुन्हा अर्ज! आठ महिने चपला झिजवल्या. शेवटी दवाखान्याच्या दारात पिवळी चौकट आखली गेली. पाटी लागली — टेम्पोंनी सकाळी नऊच्या आत माल उतरवावा, पुढं दिवसभर इथं फक्त रुग्ण उतरवावेत, वाहन उभं करू नये. त्या चौकटीत द्वारकाबाई जेमतेम महिनाभर उतरल्या. मग गेल्या बिचाऱ्या.

आता ऐका! वर्षश्राद्धाचा दिवस. घरी गुरुजी येऊन बसलेले, आणि केळीची पानं आणायची राहिली. विश्वंभर गाडी घेऊन बाजारात आला. जागा कुठंच नाही. आणि समोर? — पिवळी चौकट रिकामी! म्हणाला, "दोनच मिनिटं!" घातली गाडी आत, चारही दिवे लुकलुकत ठेवले. हो ना! दिवे लुकलुकले की गाडी उभी नसतेच मुळी, असा आपला समज! हसताय? तुमच्याही गाडीला आहेत ते दिवे!

पानवाल्याकडं गर्दी. दोनाची वीस मिनिटं झाली. पानं काखेत मारून येतो, तर कोपऱ्यावर रिक्षातून एक म्हातारं जोडपं उतरलेलं. धोंडीराम आणि सगुणाबाई, खेड्यातली माणसं. सगुणाबाईंचे पाय सुजलेले, दोन पावलांत धाप लागली.

"दादा, डायलिसिसला आनलंय, जरा हात द्या की हिला," धोंडीराम म्हणाला.

विश्वंभरनं हात दिला. चालता चालता सगुणाबाई थांबल्या, एका गाडीच्या बॉनेटवर हात टेकून दम खाऊ लागल्या. गाडी कुणाची? — याचीच हो! दिवे लुकलुकताहेत, आणि किल्ली याच्या मुठीत!

धोंडीराम म्हणाला, "कुना भल्या मानसानं आईपायी ही जागा मागून घेतली म्हनं. नर्सबाई सांगत्यात. आमी दर खेपंला त्याच्या नावानं हात जोडतो. आन् ह्यो बघा कोन मेला गाडी लावून गेलाय! — तुमची न्हाई न्हवं?"

"नाही," विश्वंभर म्हणाला.

मंडळी, आईच्या श्राद्धाची पानं काखेत, आणि तोंडातून काय निघालं? — नाही! जीभ कशी रेटली असेल हो? त्यांना दारात सोडून तो पानाच्या दुकानाआड लपला. दोघं आत गेल्यावरच चोरासारखा गाडीत बसला. घरी पानं मांडली, पण स्वतः पानावर बसलाच नाही.

डायलिसिसचा पुढचा दिवस. विश्वंभर सकाळपासून चौकटीपाशी उभा. रिक्षा आली, थेट दारात थांबली. धोंडीरामनं ओळखलं. "अगं, ह्येच ते! परवा हात दिल्यालं!"

"काका, ती गाडी माझी होती," विश्वंभर म्हणाला. मान खाली. "आणि... ही जागा मागून घेतली, तोही मीच."

सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "लेकरा, त्या दिशी तुझी आई रिक्षात आसती, तर तिला कुटं उतरवलं आसतंस रं?"

भर रस्त्यात रडला तो!

आता मंडळी, एकमेकांकडं बघू नका. आपल्या या कीर्तनाच्या मंडपाच्या दारातही म्हाताऱ्या माणसांना उतरवायला जागा राखलीय. तिथं आत्ता एक पांढरी गाडी उभी आहे. दिवे लुकलुकताहेत. कुणाची? — मला घेऊन आलेली आहे ती! उतरताना मी पाहिलं, त्या खांबाशी बसलेल्या आजी कोपऱ्यापासून काठी टेकत येत होत्या. आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, "राहू दे रे तिथंच." मग इथं येऊन गळ्यात हार घालून घेतला!

आजी, चुकलं माझं. तोंड दाखवायला लाज वाटते.

हे टाळ खाली ठेवले. आधी गाडी काढायला सांगून येतो, गजर मग. त्या गाडीमागं आणखी चार उभ्या आहेत — ज्यांच्या असतील त्यांनी चला माझ्याबरोबर. देव थांबेल तेवढा वेळ. उठा!