ब्रेक डाव्या पायाला

चावी मागू नकोस, संजू. चहा घे, गाड्या हव्या तेवढ्या बघ, पण राउंड मारायचं नाव काढू नकोस. रमेशला दिली होती, तेवढं पुरे.

रमेश म्हणजे आमचा केशवापूरचा दोस्त. ही काळी मोटारसायकल आम्ही दोघांनी मिळून गंजातून वर काढली. असल्या जुन्या गाड्यांना ब्रेक डाव्या पायाला आणि गियर उजव्या, म्हणजे आताच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. ब्रेकचं पेडल त्यानंच स्वतःच्या हातानं बसवलेलं. तरी पहिल्यांदा बाहेर काढताना मी म्हटलं, "रम्या, ब्रेक डावीकडे हं."

"गोत्तैति, ठाऊक आहे, अण्णा! पेडल मी बसवलंय आणि मलाच सांगतोस होय?"

धारवाडच्या रस्त्याला एक म्हैस आडवी आली. हा रोज आताची, उजव्या ब्रेकची गाडी घेऊन ऑफिसला जाणारा माणूस. घाबरून त्यानं उजवा पाय दाबला. ब्रेक कुठला लागतोय, गियर पडला. म्हैस चुकवायला गेला, आडवा झाला आणि मागच्या लॉरीचं चाक त्याच उजव्या पायावरून गेलं. गुडघ्यापासून कापावा लागला.

हॉस्पिटलात त्याच्या कॉटजवळ उभा राहिलो. म्हटलं, "विकून टाकतो ती गाडी."

"कशाला विकतोस?" तो चादरीकडे बघत म्हणाला. "आता नाही चुकायचो मी. ब्रेकचाच पाय तेवढा उरलाय."