पाठीवरचं भोक

विजार आखूड करायला आलेले म्हातारे गृहस्थ शिंप्याच्या दुकानात पुस्तक उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. पुढे उभ्या असलेल्या आजी-नातीचं बोलणं कानांवर पडत होतं.

“आजी, आजोबांचं हे नाटकातलं चिलखत मी पार्टीला जाकीट म्हणून घालणार. सध्या हीच फॅशन आहे.”

“चिलखत कसलं डोंबलाचं! सुतळी विणून मीच त्याला चंदेरी रंग दिला होता.”

“म्हणून तर भारी! मास्तर, कमरेत घ्या आणि पाठीवरचं हे भोक बुजवा.”

“भोक राहू दे गं.”

“अगं, फाटकं घालून जाऊ?”

“फाटलेलं नाही ते. भाला अडकायला विणतानाच ठेवलं होतं. बावीस वर्षं पहिल्याच अंकात मरायचे ते.”

“आणि मेल्यावर?”

“घरी यायचे. तिकडे नाटकात सेनापतीचं भाषण चालूच असायचं, आणि हे दारातून ओरडायचे, ‘मेलो गं एकदाचा, वाढ!’”

“ही ही! मेलेला माणूस जेवायला!”

“हसतेस काय? मीही रोज हसायचे.”

“ताई, मग बुजवू की नको?” मास्तरांनी मशीनवरची मान न उचलताच विचारलं.

“नको, मास्तर. काजाला घालता तसे टाके कडेनं घाला. उसवायला नको.”

“आजीला नाही, तुम्हाला विचारतोय. घालणार तुम्ही.”

“मीच बोलले, मास्तर. आजी रडतेय.”