शेवटचा डिस्प्ले पीस

हा नको, मॅडम — म्हणजे नको असं नाही, तुम्ही मागितलात तर मी नाही कसा म्हणणार, विकायलाच तर उभा आहे इथे — पण हा घेऊ नका. तो बाजूचा बघा, मोठा. स्क्रीन कशी ऐसपैस आहे. हा म्हणजे काय, ना धड फोन ना धड टॅब. खिशात मावत नाही, मांडीवर ठरत नाही. हो, बॉक्सवर लिहिलंय, ‘लहान चण, अफाट ताकद’ — लिहायला काय जातं हो, लिहिणाऱ्याला पगारच त्याचा मिळतो. आणि तापतो. जरा खेळायला बसलात की असा तापतो की हातात इस्त्री धरल्यासारखं वाटतं. मी खोटं कशाला सांगू, रोज हाताळतो मी याला — म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायला.

कुणासाठी हवाय? मुलाच्या अभ्यासाला. वाटलंच मला. इथून जाणारा प्रत्येक टॅब अभ्यासालाच जातो, मॅडम. आजवर एकानंही सरळ सांगितलेलं नाही की बाबा रे, मला खेळायचंय. चांगले पोक्त गृहस्थ येतात, कपाळाला आठ्या, ऑफिसची मेल बघायला हवाय म्हणतात, आणि पुढचा प्रश्न काय, तर गेमला फ्रेम रेट किती मिळतो. मेलला फ्रेम रेट कशाला लागतो हो? परवा एक आजी आल्या. नातीशी बोलायला हवाय म्हणाल्या, आणि हातात घेतल्याबरोबर दोन्ही अंगठे असे काही चालायला लागले — मी सरळ बिलच करायला घेतलं. राग मानू नका, पण मघाशी तुम्हीही आडवाच धरलात. अभ्यास कोण आडवा धरून करतं? बरं, राहिलं. तुमचा मुलगा, तुमचा टॅब.

माझं म्हणणं एवढंच, की हा डिस्प्लेचा पीस आहे. सगळ्या गावानं बोटं लावलेला. पाहिजे तर दुसऱ्या दुकानात नवाकोरा विचारा, मी पत्ता देतो — असं बघू नका, देतो ना. काय म्हणता, दुसरीकडेही नाही? हो, मॉडेल बंद झालंय खरं. लहान टॅब फारसे कुणी बनवत नाही आता. बनवतात ते मोठे, नाहीतर दमदार नसलेले. लहान आणि दमदार दोन्ही म्हटलं, तर हाच. म्हणजे — तापतो, हे लक्षात ठेवा. आणि जरा हळू बोला. तो निळ्या शर्टातला, भिंतीकडे बघूनसुद्धा हसतोय ना, तो आमचा मॅनेजर. डिस्प्लेचा पीस आज गेलाच पाहिजे म्हणून सकाळपासून माझ्या डोक्यावर बसलाय.

अहो, ते गाडीचं चित्र दाबू नका — दाबलंत. असू दे. गेम आहे तो. रेसिंगचा. दोघांचा असतो, एक गाडी चालवणार आणि दुसरा शेजारी बसून रस्ता सांगणार. ‘शिकाऊ’ कोण? मी. आता हसा. डेमोसाठी नाव घातलं होतं, काहीतरी घालावंच लागतं. आणि हा ‘सीटबेल्ट’ — हे आमचे वडील.

तुम्हाला म्हणून सांगतो. वडिलांची गाडी शिकवायची शाळा होती. दोन ब्रेकवाली गाडी, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक यांच्या. अर्ध्या गावानं त्यांच्या ब्रेकवर गाडी शिकली. आम्ही दोघं, एक बहीण आणि मुलगा मी एकटाच, शाळा मी चालवायची हे ठरलेलं, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मला शेजारी बसवलं की ते ओरडायचे. वळण आलं रे आलं की मी ब्रेक दाबायचो, ते म्हणायचे, अरे रस्ता खातोय का तुला? तर मी इथे लागलो. त्यांनी गाडी विकली, पाटी उतरवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. खेळणी विकायला गेला, म्हणाले. मलाही राग आला, मी वेगळी खोली घेतली. फोन आईला करायचा, तोही ते फिरायला गेल्यावर. आता बोला.

मग बहीण आली या दुकानात. बाबांना पेपर वाचायला टॅब हवाय — बघा, यांनासुद्धा पेपर वाचायला — आणि हाच घेतला, हेच मॉडेल, कारण मोठा त्यांच्या हातांना जड होतो. चालू करून मीच दिला. पेपर घातला, हवामान घातलं, आणि मला काय बुद्धी झाली कोण जाणे, हा गेम घातला आणि जोडीदार म्हणून हा आमचा शिकाऊ जोडून ठेवला. म्हटलं, उघडणार थोडेच आहेत. चारच दिवसांत संध्याकाळी इथे स्क्रीनवर आलं — सीटबेल्ट शेजारी बसायला तयार आहे.

तेव्हापासून रोज. दुकानात गर्दी ओसरली की मी गाडी चालवतो, ते रस्ता सांगतात. लिहून सांगतात, आवाज मी बंद ठेवलाय, माझा आवाज ओळखतील ना. पुढे वळण आहे. आरसा बघा. अनोळखी माणसाशी ‘अहो’नंच बोलतात. या गेममध्ये इंडिकेटर नाही म्हणून त्यांनी कंपनीला तक्रार केलीय, दोनदा. आम्ही कायम शेवटून पहिले येतो, पण गाडीला ओरखडा नाही. आणि हल्ली — हल्ली ते म्हणतात, ब्रेक सोडा, घ्या थोडा वेग, मी आहे. मॅडम, त्या माणसानं मला जन्मात कधी वेग घे म्हटलं नव्हतं. एकदा रेस संपल्यावर लिहिलं, माझा मुलगाही असाच वळणाला घाबरतो. मी विचारलं, काय करतो मुलगा? तर म्हणाले, मोठ्या दुकानात आहे, मशीनमधलं त्याला सगळं कळतं. तोंडावर कधी नाही बोलले हे. मी इथेच उभा होतो, याच काउंटरला, समोरचं गिऱ्हाईक चार्जर कुठेय विचारत होतं आणि मी त्याच्या हातात हेडफोन ठेवला.

तर असं आहे. आता हा विकायचा म्हणजे आधी तुमच्यासमोर पुसायचा, आतलं सगळं उडवायचं, नियमच आहे. आणि गेममध्ये मी पाहुणा म्हणून शिरलोय. डिस्प्लेच्या पीसवर स्वतःचं खातं उघडता येत नाही, कंपनीनं कुलूप घातलंय. टॅब पुसला की शिकाऊ गेला. दुसऱ्या नावानं गेलो तर ते शेजारी बसणार नाहीत, अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही हे त्यांचं तत्त्व. मशीनमधलं सगळं कळतं म्हणे. एवढं साधं मला आधी कळलं नाही.

काय झालं सर? नाही नाही, मॅडम घेतायत, मी फक्त — हो, लगेच पुसतो. बघितलंत, हसतच बोलतो.

दोन मिनिटं द्याल का मला, मॅडम? त्यांची बसायची वेळ झालीय. हे बघा, आलेच. ‘गाडी काढा.’ आज काय काढणार. काय लिहू? तुम्ही सांगा. नको, तुम्ही नका सांगू. लिहितो — बाबा, मी आहे. आजपासून शिकाऊ येणार नाही. गेलं. पाठवलं मी.

ते बघा, टिंबं हलतायत, लिहितायत. एका बोटानं लिहितात ते, वेळ लागतो. थांबली. बंद केला वाटतं. नाही — परत हलतायत. मॅडम, तुम्हीच बघा, माझ्याच्यानं होत नाही. असं करा, तिकडे वळवा आणि वाचा. नको, इकडे द्या.

‘माहीत आहे. पहिल्या वळणालाच कळलं. हा टॅब फार तापतो. रविवारी येऊन बघून जा.’

तापत नाही हो, मॅडम. हे मॉडेल अजिबात तापत नाही. मघाशी मी तुम्हाला जे सांगितलं ना, ते खोटं होतं. तासन्‌तास खेळा, हाताला कळतसुद्धा नाही. हाच घ्या, सुखानं आडवा धरा, मुलालाही द्या जरा. हे पुसलं बघा. झालं. बिल तिकडे, त्या ताईंकडे.

सर, रविवारी मला सुट्टी लागेल. हो, गर्दी असते, ठाऊक आहे मला. घरचा टॅब तापतोय.