अकरा सह्यांचा अर्ज

सन्माननीय अध्यक्ष हेमचंद्रराव, व्यासपीठावरील मान्यवर, संयोजक वरद आणि आमची आठवण काढायला चाळीस वर्षं लागलेले नगरकर रसिकहो,

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आभारी आहे. गेला तासभर मी इथे बसून आमच्या 'सूरतरंग' ऑर्केस्ट्राचा सुवर्णकाळ ऐकते आहे. एका वक्त्यांचे तर डोळे भरून आले. कुठल्या कार्यक्रमाला होतात हो तुम्ही? बेलापूरला? तिथे जनरेटर बंद पडला आणि आम्ही माइकशिवाय दोन तास गायलो. कुंपणावर बसून ऐकणारी माणसं मला अजून आठवतात. तुमच्यापैकी कुणी आठवत नाही.

अध्यक्ष आत्ता म्हणाले, "असा गुणी ऑर्केस्ट्रा काळाच्या ओघात हरवला." किती सुंदर वाक्य! काळावर ढकललं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

मग मी देते.

साल १९८५. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी गायचे. भिंगारचे वाल्मिकभाऊ लष्करी गणवेश शिवायचे आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. ऑर्केस्ट्रा त्यांचा. सिनेमाची गाणी आम्हीही म्हणायचो, पण लोकांची फर्माईश यायची ती भाऊंनी स्वतः बांधलेल्या गाण्यांची.

एके दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक अर्ज पुढे ठेवला. 'शिक्षिकेने परपुरुषांबरोबर टेम्पोतून गावोगाव गात फिरणे शाळेस शोभत नाही. त्यांस कामावरून कमी करावे.' खाली अकरा प्रतिष्ठितांच्या सह्या. पहिली सही, हेमचंद्रराव, आपली होती. अक्षर तेव्हाही छान होतं.

उठू नका, बसा. थोडंच राहिलंय.

माझे यजमान तेव्हा आजारी होते, घर माझ्या पगारावर चालायचं. मी भाऊंकडे जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी ते गळ्यातली टेप तशीच ठेवून शाळेत आले.

"सर, बाईंची नोकरी घेऊ नका. आमी ऑर्केस्ट्राच बंद करतो."

"लेखी द्याल?"

"द्या कागद."

मी दाराबाहेर उभी होते. सगळं ऐकत होते. आत गेले नाही. त्या अकरा जणांचा मला तिटकारा आहेच, पण त्या दाराबाहेरच्या बाईचाही काही कमी नाही. तिने निवृत्तीपर्यंत नोकरी केली. भाऊंनी अ‍ॅकॉर्डियन पुन्हा हातात धरलं नाही.

आज निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव शोधलं, सापडलं नाही. वरदला विचारलं, तर म्हणाला, "ते टेलर ना? त्यांना पास पाठवलाय." पास! ज्यांचा सुवर्णकाळ तुम्ही साजरा करताय, त्यांना तुम्ही पास पाठवलात! ते बघा, शेवटच्या रांगेत बसलेत.

वाल्मिकभाऊ, त्या दिवशी मी आत यायला हवं होतं. चुकले मी.

काय म्हणताय? जरा मोठ्याने बोला, इथल्या लोकांना ऐकायची सवय नाही.

"बाई, जाऊ द्या ते. आवाज हाय का अजून?" असं विचारताहेत.

आहे, भाऊ. पण या सभागृहासाठी नाही. पत्रिकेत शेवटी माझं गायन छापलंय, ते होणार नाही. उद्या सकाळी मी भिंगारला येते.

संयोजकांचे, माइकवाल्यांचे आणि मघाशी चहा आणून देणाऱ्या मावशींचे आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. खोटं मात्र एक अक्षर बोललेले नाही. नमस्कार.