आपांची सफरचंदं आणि लशीची रांग

"आपा, तुमची सफरचंदं खाणाऱ्याला फ्लू होत नाही ना? मग लशीच्या रांगेत तुम्ही कशा?"

लस घ्यायला आलेल्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून त्यांच्यासोबत आलेल्या सामालनं विचारलं. दवाखान्यातली अख्खी रांग फळवाल्या जिबेक आपांकडे वळली.

"हळू बोल गं! गिऱ्हाइकं आहेत इथं."

"मीच आहे ना गिऱ्हाईक," मागचे आजोबा म्हणाले. "गेल्या वर्षी दोन पेट्या संपवल्या, तरी आठवडाभर तापानं फणफणलो."

"सालं काढून खाल्ली असतील."

"सालासकट!"

"मग पोट तरी साफ राहिलं की नाही?"

"राहिलं. खोटं कशाला बोलू?"

"बघा! फळाचा गुण तो. फ्लूचं आपलं मी विकताना म्हणते."

"आणि लस कधीपासून घेताय, आपा?"

"दर वर्षी! अल्माटीचा सगळा बाजार माझ्याच तोंडावर शिंकतो, पोरी."

सामालचा अर्धा वर्ग तापानं झोपला होता, आणि आईबाबांनी शाळेच्या लशीच्या कागदावर नकार लिहून आपांचीच पेटी आणली होती.

घरी पोचताच तिनं पेटीतलं सफरचंद उचललं.

"आई, बाबा, कागदावर होकार लिहा. मी उद्या लस घेणार! हे पोटासाठी खातेय."