मागच्या रांगेतले सैनिक

भाऊ: ताई, आधी ऐकून तर घे.

ताई: ऐकतेय की. धाकटा भाऊ न सांगता आलाय, तोही बिस्किटांचा पुडा घेऊन. म्हणजे काहीतरी निस्तरायचं असणार.

भाऊ: त्या लढाईच्या सिनेमाचं पोस्टर आठवतं? आपण दोघांनी घरी रंगवलेलं? त्याचं मूळ चित्र सापडलंय. जुन्या पोस्टरांचं प्रदर्शन भरतंय, त्यात लावणार आहेत.

ताई: तेच ना, हिरो बर्फात शर्टाची बटणं उघडी टाकून लढतोय ते? मला तेव्हाच वाटलं होतं, हा गोळीनं नाही, सर्दीनं जाणार.

भाऊ: निर्मात्याला छाती दिसायला हवी होती.

ताई: आणि रणगाड्याला टेकून जरीच्या साडीतली हिरॉइन. लढाईला आलीय की लग्नाला, तिचं तिला तरी कळलं होतं का?

भाऊ: लोक तिच्यासाठीच तिकीट काढायचे. बरं, काल प्रदर्शनवाली बाई घरी आली होती. वयानं लहान, पण नजर तयार. हिरोकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मागची सैनिकांची रांगच बघत बसली. म्हणाली, पुढचे चेहरे फोटोवरून उतरवलेत, मागचे मात्र जिवंत आहेत.

ताई: असं म्हणाली?

भाऊ: अगदी असंच. एकजण बुटाची नाडी बांधतोय, एकाला जांभई आलीय, एकजण खिशात पत्र कोंबतोय. मग तिनं विचारलं, ही रांग रंगवणारा हात कुणाचा?

ताई: आणि तू?

भाऊ: मी म्हणालो, माझाच.

ताई: चहा गार होतोय तुझा.

भाऊ: शिव्या तरी दे गं.

ताई: शिव्या कशाला? जांभई देणारा कोण, ते सांगितलंस का तिला?

भाऊ: कोण?

ताई: तू. हिरोची मिशी चौथ्यांदा पुसून काढत होतास, तेव्हाचा. इतक्या वर्षांत स्वतःचं तोंड ओळखलं नाहीस, आणि म्हणे चित्रकार. नाडी बांधणारे बाबा.

भाऊ: आणि पत्रवाला?

ताई: तो कोण हे तुझ्या मेव्हण्यांनीही कधी विचारलं नाही. तू कशाला विचारतोस?

भाऊ: बरं, राहिलं. ताई, जीभ सवयीनं वळली गं. तुझं लग्न ठरत होतं. पोरगी सिनेमावाल्यांची चित्रं रंगवते हे बाहेर कळायला नको, असं आईनं बजावलं होतं. तेव्हापासून सही माझ्या एकट्याचीच.

ताई: आई बिचारी घाबरली होती. ती जाऊनही वीस वर्षं झाली. काल तुला कोण घाबरवत होतं?

भाऊ: कुणी नाही. कौतुक चाललं होतं, गोड लागलं. माझ्या हिरोबद्दल तर चकार शब्द नाही काढला तिनं.

ताई: हे मात्र खरं बोललास.

भाऊ: आत्ता फोन लावतो. तुझ्यासमोर.

ताई: लाव. आणि मिशी तुझी होती, हेही सांग. ते पाप माझ्या माथी नको.

(भाऊ खिडकीशी जाऊन फोनवर बोलतो, मग परत येऊन बसतो.)

ताई: काय म्हणाली?

भाऊ: हसली. म्हणे, शंका आलीच होती. हे चेहरे कुणाचे असं विचारलं, तर तुम्ही डोळ्यांवरचा चष्मा शोधायला लागलात. पाटीवर दोघांची नावं घालणार आहेत. तुझं आधी.

ताई: माझं आधी कशाला?

भाऊ: मीच सांगितलं तसं. आणि पहिल्या दिवशी चित्रापाशी उभं राहून तू चार शब्द बोलायचेस.

ताई: माझे गुडघे तिथवर नेतील तेव्हा ना.

भाऊ: ती गाडी पाठवतेय. गल्ली अरुंद आहे, तर कोपऱ्यावर थांबवू का, असं विचारत होती.

ताई: कोपऱ्यावर नको. दारासमोर उभी करायला सांग.