लग्नाला नाटकाचा दर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नाट्यगृह समितीचे नवे प्रमुख माननीय ॲन्सेल्म सर, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती दिवाकरभाऊ, विमलाकाकू, आणि चहाच्या वासाने अस्वस्थ झालेल्या मागच्या रांगेतल्या रसिकहो,

दिवाकरभाऊ आज या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकपदावरून निवृत्त होताहेत. त्यांचा एक नियम सगळ्या वसईला पाठ आहे. लग्नाला पूर्ण भाडं, नाटकाला अर्धं.

हा नियम पहिल्यांदा वाकवला कोणी? माझ्या सासऱ्यांनी! बाबा, खाली बघू नका, सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या लग्नासाठी हे सभागृह हवं होतं, म्हणून सांडोरच्या आमच्या वाडीतला केळ्यांचा घड घेऊन ते भाऊंकडे गेले. म्हणाले, "नवरा-नवरी पात्रं, वऱ्हाडी प्रेक्षक, आहेर म्हणजे तिकीट. हे नाटक नाही तर काय? अर्धा दर लावा."

भाऊंनी घड परत केला. "लावतो की. पण मग नियमही नाटकाचेच."

आणि भाऊंनी ते पाळायला लावले हो! तिसरी घंटा झाली, दारं बंद. माझा सख्खा मामा बाहेर ताटकळला, त्याला मध्यंतरात आत घेतलं. मंगलाष्टकं पडद्यामागे झाली. इकडे अंतरपाट दूर झाला आणि तिकडे पडदा उघडला. टाळ्यांचा कडकडाट! कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं, तेव्हा आमच्या नवरदेवाचा, यतीनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हसा, पण खरं सांगते. शाळेतही कधी स्टेजवर न चढलेली मी, त्या दिवशी पडदा उघडल्यावर मला तिथून उतरावंसंच वाटेना. आज मी आपल्या नाट्यमंडळाची कार्यवाह आहे. अर्धा दर नसता तर हे मंडळ केव्हाच बंद पडलं असतं. ॲन्सेल्म सर, उद्याच्या बैठकीत 'सर्वांना एकच दर' हा विषय तुमच्यापुढे येतोय. पूर्ण भाडं आम्हाला झेपणार नाही. मला त्याची फार भीती वाटते.

आजचं सभागृहही मी नाटकाच्या दरानेच घेतलंय. सकाळी भाऊंनी विचारलंच, "मग घंटा?" दोन घंटा आपण ऐकल्यात. तिसरी अध्यक्षांसाठी राखून ठेवली आहे. ती त्यांनी दिली, म्हणजे नाटकाचा वेगळा दर त्यांना मान्य आहे असं आम्ही समजू.

भाऊ, काकू, तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच. आणि मंडळी, बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल, तर याच स्टेजवरून सासरी गेलेली मुलगी म्हणून पोटात घाला.

सर, घंटेचं बटण तुमच्या उजव्या हाताला आहे.